कागदावर सही कोणाची

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. गर्भपाताला कायद्याने मुभा नसावी असे तू अभ्यासमंडळात म्हणालीस आणि तुझ्या मैत्रिणीने "मग तू स्त्रीवादी नव्हेस" असे सुनावले, हे तुझ्या मनाला फार लागलेले दिसते. स्त्रीवादातून कुणाचे नाव खोडण्याचा अधिकार तिला नाही, मलाही नाही. मात्र तुझ्या पत्रात दोन निरनिराळ्या गोष्टींची गुंतवळ झाली आहे, ती आधी सोडवू.

गर्भ हा जीव आहे आणि तो संपवणे तुझ्या मनाला पटत नाही, एवढ्यावरून स्त्रीवादाशी तुझे वैर होत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते जीव वाचावेत म्हणूनच. पण त्यांनी फसलेल्या विधवेला शासन मागितले नाही, तिला गुपचूप बाळंत होता येईल असे घर दिले आणि पुढे तिथे जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतले. जीवाविषयीची कळकळ बाईला अपराधी न ठरवताही बाळगता येते, हे मी त्यांच्याकडून शिकले.

तुझा खरा संताप आपल्या जिल्ह्याविषयी आहे, आणि तो रास्त आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. उसाचा आणि दुधाचा पैसा घरात आला, शिक्षण आले, आणि त्याच घरांतून सोनोग्राफीची वाट धरली गेली. पण १९८० च्या दशकात महाराष्ट्रातल्या स्त्रियांनी लढा दिला तो गर्भलिंग चाचणीविरुद्ध. राज्याने १९८८ मध्ये कायदा केला तो गर्भलिंगनिदानावर, आणि १९९४ चा केंद्रीय कायदाही त्यावरच आहे. गर्भपातच बंद करा अशी मागणी त्यांनी जाणीवपूर्वक टाळली. केंद्रीय कायद्याचे २४ वे कलम वाचून पाहा: उलट सिद्ध होत नाही तोवर, चाचणी करून घेणाऱ्या गर्भवतीला नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. म्हणूनच "स्त्रीभ्रूणहत्या" हा शब्द मी वापरत नाही. त्यातली "हत्या" शेवटी टेबलावर निजलेल्या बाईच्याच माथी येते.

आता दुसरी गोष्ट. आपले मत कायद्याने सर्वांवर लागू व्हावे असे तू म्हणतेस, तिथे मी तुझ्याबरोबर येऊ शकत नाही. करवीर तालुक्यातली एक बाई बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. दोन लेकरे पदरात, तिसऱ्यांदा दिवस गेलेले, नवरा ट्रक घेऊन गुजरातेत. दवाखान्यात तिला "मालकांची सही आणा" म्हणून परत पाठवले होते. तो कागद चार घड्या करून तिने कमरेच्या पिशवीत ठेवला होता, आणि घडीवरची शाई घामाने पसरली होती. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, हे मी तिला सांगितले तेव्हा फार उशीर झाला होता. तिने गावातल्या एकीकडून काडी घालून घेतली होती. तापाने फणफणलेली असतानाही ती माझ्याकडे कागदच पुढे करत होती. ती वाचली. आधीच असलेल्या कायद्यात एका खोट्या अटीने एवढे होत असेल, तर बंदीने काय होईल याचा विचार तू करावास असे मला वाटते.

शिवाय सध्याच्या कायद्यातही बाईला मोकळीक आहे असे समजू नकोस. २०२१ च्या दुरुस्तीनंतरही २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागते, आणि ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोघांचे. अविवाहितेला या दुसऱ्या तरतुदीतून वगळता येणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. या कायद्याच्या चौकटीबाहेर स्वतःचा गर्भ पाडणारी बाई आजही भारतीय न्याय संहितेत गुन्हेगार ठरू शकते.

तुझा एक मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो. मुलगी आहे म्हणून गर्भ नाकारणे आम्हाला चालत नाही, मग व्यंग आहे म्हणून नाकारणे कसे चालते, असे तू विचारतेस. गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निदानानंतर २४ आठवड्यांची मर्यादाही कायदा उठवतो. अपंग मुलाला सांभाळणाऱ्या आईला आपला समाज किती एकटे टाकतो हे मी पाहिले आहे, त्यामुळे तिचा निर्णय तिच्याकडून काढून घ्यावा असे मला वाटत नाही. पण अपंग स्त्रिया हाच प्रश्न विचारतात तेव्हा माझी मान खाली जाते.

पुढच्या बैठकीत हा प्रश्न तू मांड. गर्भपात मला पटत नाही, तरी दुसरीच्या कागदावर दुसऱ्या कुणाची सही मी मागणार नाही, असे तुला म्हणता येते का ते आधी स्वतःशी पाहा. म्हणता आले नाही, तर रविवारी घरी ये. आपण १९७१ च्या कायद्याचे तिसरे कलम शब्दशः वाचू.

तुझी,
मावशी