भुतांच्या कुटुंबावर मोठ्यांसाठी विनोदी अ‍ॅनिमेशन करायचं आहे, ३ मिनिटांचा पहिला भाग एकट्याने कसा करू?

तुम्ही लिहिलंय की नेटफ्लिक्सवरची 'हॉन्टेड हॉटेल' आवडली, तशा धाटणीचा मराठी घरातला छोटा भाग यूट्यूबसाठी करायचाय, चित्रकला येते, संगणक साधा आहे, तर आधी सगळी पात्रं काढून घेऊ का?

नको. आधी भुतांचे नियम लिहा. एक पान पुरेल, पण ते पान नसेल तर पुढचे २ महिने चित्रं दुरुस्त करण्यात जातील.

भूत कोणाला दिसतं? कशाला हात लावू शकतं? कुठे जाऊ शकत नाही? आणि जीव कशात अडकलाय? पहिल्या प्रसंगात भूत चहाचा कप उचलतं आणि तिसऱ्यात त्याचा हात टेबलातून आरपार जातो, की प्रेक्षक तिथेच अडकतो. सोपा नियम: वस्तूंना हात लागतो, माणसांना नाही. हे एकदा ठरलं की मिठी मारता न येणं, कानाखाली वाजवता न येणं असे विनोद आपोआप सुचतात.

आपल्याकडे हे काम अर्धं झालेलं आहे. मुंजा पिंपळ सोडत नाही, चकवा वाट चुकवतो, समंधाचा जीव मालमत्तेत असतो, हडळ बाळंतपणात गेलेली. प्रत्येकाला जागा, सवय आणि अपुरी राहिलेली इच्छा आयतीच मिळते. परदेशी पांढरी चादर आणून वर 'मराठी भूत' असं नाव देऊ नका.

'हॉन्टेड हॉटेल'मधून घ्यायचं असेल तर एकच गोष्ट घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या या १० भागांच्या मालिकेत (निर्माता मॅट रोलर) कॅथरीन दोन मुलांना घेऊन हॉटेल चालवते, आणि ज्याच्याशी तिचं फारसं कधी जमलं नाही तो तिचा भाऊ नेथन मेल्यावर तिथेच भूत होऊन मदतीला आहे. भांडण मुळात भावाबहिणीचं आहे. तो मेलाय एवढीच अडचण जास्तीची. म्हणून गोष्ट सुचली की त्यातलं भूत काढून बघा. भांडण उरलं तर तो भाग आहे. नाही उरलं तर तो एक चुटका आहे, २० सेकंदांत संपवा. उदाहरणार्थ: मामा वारले, सातबाऱ्यावर वारसनोंद लावायची आहे, फेरफाराच्या नोटिशीला हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि हरकत घ्यायला खुद्द मामाच बसलेत. मामा जिवंत असते तरी हे घर भांडलंच असतं.

आता चित्रं. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने ३ मिनिटं म्हणजे ४,३२० फ्रेम. एक चित्र २ फ्रेम धरलं तरी २,१६०. एकट्याने हे हाताने काढू नका. कटआऊट पद्धत घ्या, म्हणजे अवयव सुटे काढून ठेवायचे आणि तेच हलवायचे. इथे भूत तुमच्या फायद्याचं आहे. त्याला पाय देऊ नका, खाली शेपटी द्या. पाय नाहीत म्हणजे चालण्याची सायकल (पुन्हापुन्हा फिरवायची तीच हालचाल) नाही, जमिनीवरून पाऊल घसरत असल्याचा दोष नाही. जिवंत माणसांना शक्यतो बसवून किंवा कमरेपासून वर दाखवा. समोरून, पाऊण आणि बाजूने अशी डोक्याची ३ रूपं पुरतात.

तरंगण्यासाठी ४८ फ्रेमची वर-खाली सायकल करा. १०८० उंचीच्या चौकटीत १० पिक्सेलच्या आसपास हालचाल बास, आणि शेपटीचं टोक धडापेक्षा ५-६ फ्रेम मागे ठेवा. दोन्ही टोकांना वेग कमी व्हायला हवा; सरळ रेषेत ठेवलात तर भूत लिफ्टमध्ये उभं असल्यासारखं दिसतं. दोन भुतांना एकच सायकल दिली तर ती बंदरातल्या होड्यांसारखी एकत्र डुलतात, म्हणून दुसऱ्याची सुरुवात १५ फ्रेमनी सरकवा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते पारदर्शकपणात. हात, धड, डोकं या प्रत्येक लेयरची (थराची) ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, वेगवेगळी कमी केली, की जिथे एकावर एक येतात तिथे गडद पट्टे उमटतात आणि खांद्याच्या आत लपवलेला दंडाचा गोळा दिसायला लागतो. आधी सगळं पात्र एकत्र सपाट करा, मग त्या एकाच चित्राची ओपॅसिटी ६५-७० टक्क्यांवर आणा. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये प्रीकॉम्प करून, म्हणजे सगळे लेयर एकात गुंडाळून. टून बूम हार्मनी या सॉफ्टवेअरमध्ये लेयर एकत्र करणाऱ्या कंपोझिट नोडच्या खाली ट्रान्सपरन्सी नोड जोडून, आणि तो कंपोझिट 'पास थ्रू'वर नाही ना हे बघून.

पण डोळेही फिके झाले की अभिनय मरतो. म्हणून डोळे आणि तोंड वेगळ्या लेयरवर पूर्ण ओपॅसिटीने वर ठेवतात. त्यात एक खोच आहे: भुताने चेहऱ्यासमोर हात नेला की डोळे हातावर तरंगतात. तेवढ्या शॉटपुरता हाताचा आकार मॅट (कापायचा साचा) म्हणून वापरून डोळे कापा, किंवा सरळ लिहितानाच हात चेहऱ्यासमोर आणू नका. मी दुसरा मार्ग घेईन.

भूत फिकट निळं असेल तर भिंत निळी रात्रीची नको. पिवळ्या बल्बचा उजेड, तांबूस माती, जुनं लाकूड असं उबदार ठेवा आणि चौकट कृष्णधवल करून तपासा. तिथे भूत दिसेनासं झालं तर रंग कितीही सुंदर असले तरी चुकलेत.

ओठ आवाजाशी जुळवायला 'ऱ्हुबार्ब लिप सिंक' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मूळ सेटिंग इंग्रजीसाठी आहे, मराठीला 'फोनेटिक' रेकग्नायझर (शब्दांऐवजी नुसते ध्वनी ओळखणारा पर्याय) निवडावा लागतो. हे सॉफ्टवेअर तोंडाचे ६ मूळ आणि ३ जादा आकार धरून चालतं. प, ब, भ, म ला ओठ मिटलेच पाहिजेत. तेवढे हाताने तपासा, बाकी थोडं चुकलं तरी कोणी बघत नाही.

या सगळ्याच्या आधी, म्हणजे नियमांच्या पानानंतर लगेच, मोबाइलवर स्वतःच्या आवाजात संवाद म्हणून त्यावर काड्यांच्या चित्रांचं अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे आवाजाच्या वेळेत बसवलेला कच्चा व्हिडिओ, लावा. लिहिलेले ३ मिनिटांचे संवाद सहज ४ मिनिटं होतात, कारण प्रतिक्रियेच्या जागा कागदावर दिसत नाहीत. कात्री तिथेच लावा. संवाद कापा, ते गप्प बसलेले क्षण कापू नका. मामांनी नोटीस वाचून चष्मा पुसला, यातच हशा आहे.

अपलोड करताना 'मुलांसाठी बनवलेला नाही' हा पर्याय स्वतः निवडा आणि शिव्या, रक्त वगैरे असेल तर वयाची मर्यादाही लावा. गोल डोळ्यांची गोंडस भुतं असली की व्हिडिओ मुलांचा समजला जाण्याची शक्यता वाढते, आणि तसं झालं की खालच्या कमेंट बंद होतात. थंबनेलवर भुताऐवजी मामा आणि सातबारा ठेवलात तर तो धोका बराच टळेल.