‘पेटंट औषध’ म्हणजे पेटंट घेतलेलं औषध का?

एका अनुवादकाने विचारलं आहे: एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी लेखनात आणि जाहिरातींत ‘पेटंट मेडिसिन’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, तर ‘एकस्वप्राप्त औषध’ (एकस्व म्हणजे कायद्याने मिळालेलं पेटंट) असा प्रतिशब्द चालेल का? आणि आपण ‘हे त्याचं पेटंट वाक्य’ म्हणतो, त्या पेटंटचा याच्याशी काही संबंध आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठाम ‘नाही’. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ‘पेटंट मेडिसिन’ म्हणून जे विकलं जाई, त्यातल्या बहुतेक औषधांवर पेटंट नव्हतंच आणि उत्पादकांना ते नकोच होतं.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये ‘उघडं असणं’ या अर्थाच्या धातूत आहे. ‘लेटर्स पेटंट’ म्हणजे राजाने दिलेली उघडी सनद. मोहोर खाली लटकत असल्यामुळे ती न फोडता कुणालाही मजकूर वाचता येई. अशा सनदेने राजा एखाद्याला एखादी वस्तू विकण्याचा मक्ता देई. औषधांनाही अशा सनदा मिळाल्या. १७१२मध्ये रिचर्ड स्टॉटन यांच्या ‘एलिक्झर’ला मिळाली, १७४७मध्ये डॉ. रॉबर्ट जेम्स यांच्या तापाच्या पुडीला. ही औषधं खऱ्या अर्थाने पेटंट होती. पण पुढे पेटंट हवं असेल तर कृती लिहून दाखल करणं बंधनकारक झालं. शिवाय मक्ता चौदा वर्षांचाच. ज्याचा सगळा धंदा ‘आमचं गुपित’ या दोन शब्दांवर उभा, तो कृती सरकारदरबारी कशाला उघड करील? मग औषधाचं नाव, बाटलीचा आकार आणि वेष्टन एवढीच मालकी सांगायची आणि आतला ऐवज झाकून ठेवायचा, हा रस्ता सर्वांनी धरला. ज्या शब्दाचा अर्थ ‘उघडं’, तोच सर्वांत बंदिस्त वस्तूंना चिकटला.

तो चिकटून का राहिला, याचं मला पटणारं कारण करात आहे. १७८३च्या कायद्याने इंग्लंडात अशा औषधांवर स्टॅम्प ड्युटी बसली आणि १८१२च्या कायद्याने ती नीट बांधली गेली. पेटंट घेतलेलं, गुप्त कृतीचं आणि ‘अमुक रोगावर उत्तम’ म्हणून जाहिरात केलेलं औषध, असे सगळे प्रकार या एकाच कराखाली आले. एक शिलिंगापर्यंतच्या (शिलिंग म्हणजे बारा पेन्स) औषधाला दीड पेनी, त्यापुढे अडीच शिलिंगापर्यंत तीन पेन्स. म्हणूनच जुन्या जाहिरातींत ‘१ शिलिंग १½ पेनी’ आणि ‘२ शिलिंग ९ पेन्स’ असे विचित्र भाव दिसतात. औषधाची गोल किंमत आणि वर कर! अनुवाद करताना या आकड्यांना गोल करू नका, त्यांत त्या काळचा कायदा लिहिलेला आहे.

कर भरल्याचा सरकारी कागदी पट्टा बाटलीवर डकवलेला असे. गिऱ्हाइकाला ती सरकारची शिफारस वाटे आणि विक्रेते या समजुतीचा पुरेपूर फायदा घेत. पुढे त्या पट्ट्यावरच ‘ही सरकारी हमी नव्हे’ अशा अर्थाचा मजकूर छापावा लागला, यावरून गैरसमज किती खोल होता ते कळतं.

‘क्लोरोडाइन’ हे याचं उत्तम उदाहरण आणि त्याचा धागा हिंदुस्थानाशी जुळतो. इथल्या ब्रिटिश फौजेत डॉक्टर असलेल्या जॉन कॉलिस ब्राउन यांनी १८४८च्या सुमारास पटकीवर उपाय म्हणून ते तयार केलं. अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क हे त्यातले मुख्य घटक. पुढे लंडनचे औषधविक्रेते डेव्हनपोर्ट ते विकू लागले. फ्रीमन नावाच्या दुसऱ्या विक्रेत्याने आपणच जनक असल्याचा दावा केला आणि १८६४मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी ब्राउन यांनाच जनक ठरवलं. त्यानंतरच्या जाहिराती बजावत असत की सरकारी स्टॅम्पवर डॉ. ब्राउन यांचं नाव असेल तरच माल अस्सल. कराची पावती अशी अस्सलपणाची खूण झाली.

आत काय होतं, ते ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९मध्ये ‘सीक्रेट रेमेडीज’ या पुस्तकात छापलं. बीचमच्या गोळ्या ‘डबीची किंमत एक गिनी’ (गिनी म्हणजे एकवीस शिलिंग) या घोषवाक्यावर खपत. पृथक्करणात सापडलं ते कोरफडीचा वाळवलेला रस, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांच्या घटकांची किंमत भरली सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. कर वजा केला तरी डबी बारा पेन्सला, म्हणजे ९६ पट. ही निदान पोट साफ करणारी गोळी होती. तान्ह्या मुलांना शांत करायला दिलं जाणारं ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ म्हणजे अफूचं पाणी होतं आणि त्याने मुलं दगावत. १८६८च्या फार्मसी कायद्याने अफूच्या विक्रीवर बंधनं आणली, पण पेटंट औषधांना सूट दिली. त्या सूटीचा मला आजही राग येतो. आईला कळायला मार्गच नव्हता की ती बाळाला काय पाजते आहे.

म्हणून ‘एकस्वप्राप्त औषध’ नको. एकस्व हा कायद्यातल्या आजच्या पेटंटसाठीचा चांगला शब्द आहे, पण इथे तो वाचकाला नेमका उलटा अर्थ सांगेल. ‘पेटंट औषध’ असंच ठेवावं, कारण हा शब्द मराठीत जुन्या अर्थासह जिवंत आहे. आयुर्वेदाच्या दुकानात ‘शास्त्रोक्त’ आणि ‘पेटंट’ असा भेद रोज ऐकू येतो. च्यवनप्राश, त्रिफळा चूर्ण ही ग्रंथातल्या पाठाप्रमाणे, म्हणजे कृतीप्रमाणे, केलेली औषधं शास्त्रोक्त, तर कंपनीने स्वतःचा पाठ जुळवून स्वतःच्या नावाने विकलेलं ते पेटंट. तिथे एकस्व असेलच असं नाही. औषधांविषयीच्या १९४०च्या भारतीय कायद्यातही ‘पेटंट ऑर प्रोप्रायटरी मेडिसिन’ अशी संज्ञा आहे.

‘पेटंट वाक्य’, ‘पेटंट विनोद’ यांतला पेटंट मला याच घराण्यातला वाटतो. तिथे नोंदणी नसते, चौदा वर्षांची मुदत नसते. ‘हे खास त्याचंच, त्याच्या नावावर खपणारं’ एवढंच म्हणायचं असतं आणि पेटंट औषधांची मालकीही तेवढीच होती.

जाहिरातींच्या अनुवादासाठी आणखी दोन शब्द हाताशी ठेवा. ‘कधीच न चुकणारं’ असा दावा असेल तिथे ‘रामबाण’ चपखल बसतो, मराठी जाहिरातींनीही तो भरपूर वापरला आहे. आणि औषधाच्या नावात ‘एलिक्झर’ आलं, तर स्पष्टीकरणात ‘अक्सीर’ (हमखास गुणकारी) बेलाशक वापरा. दोन्ही एकाच अरबी ‘अल-इक्सीर’पासून आलेले आहेत, एक युरोपमार्गे, दुसरा फारसीतून.