पावातला दगड

प्रश्न : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांनी तरुणपणी लिहिलेली कुल्लेर्वोची कथा मूळ फिनिश कथेहून वेगळी आहे का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना, १९१४च्या सुमारास, टॉल्किन यांनी ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यातील, कुल्लेर्वो या अभागी तरुणाची ही शोककथा गद्यात, मधूनमधून पद्य गुंफत लिहायला घेतली, ती अपुरीच राहिली आणि पुस्तकरूपाने २०१५मध्ये आली. लोहाराकडे गुलाम म्हणून राबणाऱ्या कुल्लेर्वोला त्याच्या बायकोने पावात भाजून दिलेल्या दगडावर वडिलांची आठवण असलेली सुरी मोडते, हा प्रसंग दोन्हीकडे आहे. (आपली कडक भाकरीही एवढी निर्दय नसते!) मात्र टॉल्किन यांनी बहिणीला जुळी केले आणि मुस्ती या कुत्र्याला जादूचे सामर्थ्य दिले. बहिणीशी अजाणता आलेल्या संबंधाचे पाप आणि स्वतःच्या तलवारीने ओढवलेला मृत्यू टॉल्किन यांनीच पुढे लिहिलेल्या, तूरिन या वीराच्या कथेत पुन्हा येतात, आणि माझ्या मते तिथेच अधिक खोल जातात.