सोलापुरात राहून फ्रीलान्स लेखन आणि प्रसिद्धीच्या कामावर घर चालतं का?

तुम्ही विचारलंय की नोकरी सोडून, पुण्याला न जाता, सोलापुरात बसूनच लेखन आणि प्रसिद्धीचं काम केलं तर पोट भरेल का. भरतं. माझं नऊ वर्षं भरतंय. शेजारच्या काकूंना मात्र अजून वाटतं की मी घरीच असते, आणि कुरिअरवाल्याचं पार्सल घ्यायला त्या बिनदिक्कत माझं दार दाखवतात.

आधी इथं काम कुठलं मिळतं ते सांगते, कारण डोक्यात असतं ते वेगळंच. मे-जूनमध्ये क्लासवाल्यांची पत्रकं. थंडीत सत्कार, एकसष्ट्या, अमृतमहोत्सव, त्यांची मानपत्रं आणि गौरव अंक. मानपत्र जेमतेम दोनशे शब्दांचं, पण त्याला प्रेसनोटपेक्षा जास्त पैसे मिळतात, कारण ते फ्रेम होऊन दिवाणखान्यात लागतं. आणि जुलैपासून पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्टमध्ये सगळ्यांना 'अध्यक्षांचे मनोगत' एकदमच हवं असतं. एका वर्षी मी सात अध्यक्षांची मनोगतं लिहिली. सातही जण 'सभासदांच्या विश्वासामुळेच' या शब्दांनी सुरुवात करा म्हणून अडून बसले होते. केली.

दिवाळी अंकातल्या कथेचं मानधन यात धरू नका. आलं तर त्याच्या शेंगाचटण्या आणा.

हे झालं लेखन. प्रसिद्धीचं काम मात्र निराळं आहे आणि तिथंच बहुतेक जण घसरतात. गिऱ्हाईक पहिलं वाक्य हेच बोलतं: "मॅडम, बातमी लावून द्या की ओ, किती घ्याल?" पैसे देऊन जी लागते ती जाहिरात. तिचा दर चौरस सेंटिमीटरवर ठरतो आणि ते पैसे वर्तमानपत्राला जातात. बातमी लावणं उपसंपादकाच्या हातात असतं. मी पैसे घेते ते लिहून, योग्य माणसापर्यंत, योग्य वेळी पोचवण्याचे. हे पहिल्या भेटीत, चहा यायच्या आधी सांगायचं. मी सुरुवातीला सांगत नव्हते. एका दवाखान्याला "उद्या नक्की येईल" म्हणून बसले, त्याच संध्याकाळी निवडणुकीचा निकाल लागला आणि पानं भरून गेली. डॉक्टरांनी एक रुपया दिला नाही, आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाला आणखी कडू लागते. त्याला जी बातमी वाटते ती बहुतेक वेळा बातमी नसते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखानदाराला कंपनीची पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याची बातमी हवी होती, फोटोसकट. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हे पण घाला म्हणाले. ते सगळ्यांना ठाऊक आहे. आत मागांचा खडखडाट इतका की मालक माझ्या कानाशी येऊन बोलत होते. कोपऱ्यात एक आजोबा भोकं पाडलेले पुठ्ठे दोऱ्यानं एकाला एक बांधत बसले होते. जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणवून घेणाऱ्या यंत्राचे पुठ्ठे. कुठल्या ओळीला कुठले धागे वर उचलायचे ते त्या भोकांत असतं; चादरीवरचा एक मोर म्हणजे अशा पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ. आजोबा तेलुगूत बोलायचे, मुकादम मराठी करून सांगायचा. एक पुठ्ठा उलटा बांधला गेला तर मोराच्या मानेत रेघ येते, म्हणाले, आणि कोपऱ्यात टाकलेली तसली एक चादर उलगडून नखानं रेघ दाखवली.

मी ते लिहिलं. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान लागलं, आजोबांच्या बोटांचा फोटो मोठा, मालकांचं नाव एकदाच. मालकांचा फोन: "माझा फोटो कुठाय ओ मॅडम?" बिल तीन महिने अडकलं आणि शेवटी त्यातल्या काही रकमेऐवजी दोन चादरी आल्या. चादरी अजून छान आहेत. लाइटबिल त्यांनी भरता येत नाही.

बारीक गोष्टी तीन. नावं स्वतः फोन करून अक्षर अक्षर विचारून घ्या. आपल्याकडं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळी आडनावं आहेत आणि एक वेलांटी चुकली की ती एकाच प्रेसनोटमधून तीन वर्तमानपत्रांत चुकते. आणि मजकूर युनिकोडमध्ये पाठवलात तरी तिकडं जुन्या फॉन्टमध्ये बदलताना 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' असले शब्द फुटतात, म्हणून सोबत पीडीएफ जोडा. दुपारी तीनच्या आत पाठवा. संध्याकाळी सातला आलेली प्रेसनोट वाचायला कुणाला वेळ नसतो.

आता पैसे. निम्मे आधी घ्या, ओळखीच्या माणसाकडून तर नक्कीच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, फुकट आहे, ऑनलाइन होते. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या कायद्यानं तुमचं बिल १५ दिवसांत, लेखी करारात मुदत ठरली असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर केला तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात वजा मिळत नाही, हे गिऱ्हाइकाला माहीत नसलं तरी त्याच्या सीएला माहीत असतं. मी बिलाखाली उद्यम क्रमांक छापायला लागले तेव्हापासून मार्चमध्ये फोन आपणहून येतात. टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापलेला आयकर, कापला असेल तर तो आयकर खात्याच्या २६एएस या उताऱ्यात तुमच्या नावावर दिसतोय का ते बघत जा. एका संस्थेनं माझा दहा टक्के कापला आणि भरलाच नाही. दोन वर्षं मी त्यांच्या हिशेबनिसाला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या शुभेच्छा पाठवत होते, आठवण राहावी म्हणून.

नाव न देता लिहिलेल्या मजकुराचं काय, असंही तुम्ही विचारलंय. नोकर नसाल तर साधारणपणे कॉपीराइट तुमचाच, लेखी करून दिल्याशिवाय तो जात नाही. पण अध्यक्षांच्या मनोगतावर हक्क सांगत बसू नका.

नोकरी सोडायचीच असेल तर जूनअखेर सोडा. अहवालांची कामं जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात वाटली जातात, त्यानंतर गेलात तर पुढच्या वर्षी या म्हणतात.