कुत्रा पोटभर खातो तरी वाळत चाललाय. स्वादुपिंडाचा याच्याशी काय संबंध?

आमच्या अल्सेशियनचं अगदी हेच झालं होतं. भांडुपच्या आमच्या सोसायटीत लोक तोंडावर विचारायचे, "याला खायला घालता की नाही?" आणि हा पठ्ठ्या स्वतःचं संपवून कचऱ्याचा डबाही चाटायचा. शी मात्र ढीगभर, फिकट पिवळी, तेलकट. दोन महिने नुसती जंताची औषधं झाली. शेवटी परळच्या एका डॉक्टरांनी टीएलआय नावाची रक्ततपासणी करायला लावली, तेव्हा कळलं की त्याचं स्वादुपिंड पाचक रसच बनवत नाहीये.

खाल्लेलं अंगी लागणं म्हणतो ना, ते बरंचसं या अवयवाच्या हाती. जठरालगत, लहान आतड्याच्या पहिल्या वळणाला चिकटलेला फिकट गुलाबी पट्टा असतो. जठरातून आंबट लगदा उतरला की हा सोड्यासारखा क्षारी रस सोडून आम्ल मारतो आणि त्यासोबत चरबीसाठी लायपेज, पिष्टासाठी अमायलेज, प्रथिनांसाठी ट्रिप्सिन ही पचवणारी एन्झाइमं पाठवतो. आपण भात चावतानाच लाळेने पिष्ट फुटायला लागतं. कुत्र्याच्या लाळेत ती सोय जवळजवळ नाहीच, त्यामुळे तुमच्या दूधभाताचा भार थेट स्वादुपिंडावर. बी-१२ शोषायला लागणारं प्रथिनही कुत्र्यांत मुख्यतः इथूनच येतं, म्हणून बी-१२ही तपासून घ्या.

(बांगडा साफ करताना मी एकदा हौसेने त्याचं स्वादुपिंड शोधलं. सापडणार कुठून! बहुतेक माशांत ते एकगठ्ठा नसतं, आतड्याभोवतीच्या चरबीत विखुरलेलं असतं.)

उपाय म्हणजे प्रत्येक जेवणात एन्झाइमची पावडर. पहिल्या दिवशी मी ती चिकन-भातात हातानेच कालवली आणि बोटं चुरचुरायला लागली. मग वाटलं, स्वादुपिंड स्वतःलाच कसं पचवत नाही? तर ट्रिप्सिन तिथून निघतं ते निद्रिस्त रूपात. आतड्याच्या अस्तरावरचं दुसरं एन्झाइम त्याला जागं करतं. आतल्या आत जागं झालं की स्वादुपिंडाला सूज येते, पण तो आजार निराळा.

पावडर आयुष्यभर चालते. आमच्याचं वजन चार महिन्यांत भरून आलं.

आणि हो, टीएलआयच्या आधी रात्रभर उपाशी ठेवा. आमची पहिली फेरी फुकट गेली, कारण शेजारच्या आजींनी सकाळीच त्याला चहात बुडवलेलं बिस्किट भरवलं होतं.