वाचकांचे प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या बेतातून काय गाळावे?

प्रश्न : येत्या २० डिसेंबरपासून १६ दिवसांसाठी आम्ही दोघे आणि माझे सत्तरी ओलांडलेले आई-वडील ऑस्ट्रेलियाला जाण्याच्या विचारात आहोत. सिडनी, मेलबर्न, देशाच्या मध्यभागातला उलुरू हा प्रचंड खडक, केर्न्सजवळची ग्रेट बॅरिअर रीफ ही प्रवाळांची रांग आणि पर्थ असा बेत असून, सिडनीत मोटार भाड्याने घेऊन शक्य तेवढा प्रवास रस्त्याने करावा, असे वाटते. हे कितपत जमेल?

उत्तर : मोटारीने हा बेत जमणार नाही, विमानाने जमेल, पण सहलीचा मोठा भाग विमानतळांवरच जाईल. सिडनीहून मेलबर्न रस्त्याने सुमारे ८८० किलोमीटर आहे, केर्न्स सुमारे २,४०० आणि पर्थ सुमारे ३,९००. पर्थला विमानानेही पाच तासांच्या आसपास लागतात. तेव्हा पर्थ सरळ गाळावे. पश्चिम किनारा ही स्वतंत्र सहल आहे.

अंतराहून मोठी अडचण ऋतूची आहे आणि तिचा विचार तिकिटे काढून झाल्यावरच बहुतेकांना सुचतो. डिसेंबर-जानेवारी हा तिकडचा ऐन उन्हाळा. उलुरूच्या परिसरात पारा अनेकदा चाळिशीपार जातो, आणि हवामानाचा अंदाज ३६ अंश किंवा त्याहून अधिक असेल त्या दिवशी जवळच्या काटा त्जुटा या खडकसमूहातील ‘व्हॅली ऑफ द विंड्स’ ही पायवाट सकाळी ११ वाजल्यापासून पुढे बंद केली जाते. उलुरूभोवतीची चालही सकाळी लवकर उरकावी, असेच उद्यान प्रशासन सांगते. (त्या खडकावर चढण्यास २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंदी आहे, तेथील मूळ रहिवासी अनांगू लोकांसाठी ती जागा पवित्र असल्याने ही बंदी योग्यच म्हणावी लागेल.) सत्तरीतल्या माणसांना अशा उन्हात नेण्यात हशील नाही. केर्न्सकडे याच दिवसांत पावसाळा व चक्रीवादळांचा मोसम असतो आणि नोव्हेंबर ते मे या काळात समुद्रात विषारी जेलीफिश असल्याने अंगभर पोशाख घालूनच पाण्यात उतरावे लागते. रीफ पाहण्याचीच मुख्य इच्छा असेल, तर सहल जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान न्यावी. उलुरूसाठीही मे ते सप्टेंबर हेच महिने बरे.

तारखा बदलता येत नसतील तर माझ्या मते सिडनी, मेलबर्न आणि दक्षिणेकडचे टास्मानिया हे बेट एवढेच ठेवावे. टास्मानियात या दिवसांत हवा सुखद असते, तिथली राजधानी होबार्टला रात्री पावणेनऊपर्यंत सूर्य मावळत नाही, आणि मोटारीची तुमची हौस खऱ्या अर्थाने येथेच भागेल, कारण होबार्टहून पोर्ट आर्थरच्या जुन्या कैदी वसाहतीचे अवशेष दीड तासावर आहेत आणि शहरामागचा कुनान्यी, म्हणजेच माउंट वेलिंग्टन हा १,२७१ मीटर उंचीचा डोंगर थेट माथ्यापर्यंत गाडीने चढता येतो. आई-वडिलांना पायपीट न होता दृश्य मिळेल. मात्र वर उन्हाळ्यातही झोंबरा वारा असतो, तेव्हा स्वेटर हाताशी असू द्यावा. मेलबर्न ते होबार्ट हा टप्पा विमानाने करावा आणि गाडी होबार्टलाच घ्यावी.

सिडनीत गाडीची गरज नाही. सर्क्युलर की या धक्क्यावरून मॅन्ली या किनाऱ्यावरच्या उपनगराला जाणारी फेरीबोट अर्ध्या तासात बंदराचे जे दर्शन घडवते, ते महागड्या नौकाविहारापेक्षा कमी नाही. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स या डोंगररांगेसाठी काटूम्बा गावापर्यंत रेल्वे जाते. मेलबर्नहून ग्रेट ओशन रोड हा समुद्रकाठचा रस्ता पाहताना मात्र एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टहास टाळावा आणि अपोलो बे किंवा पोर्ट कॅम्पबेल येथे एक मुक्काम करावा.

तिकडेही वाहने डाव्या बाजूनेच चालतात आणि पर्यटकाला इंग्रजीत छापलेला भारतीय परवाना चालतो. गाडीचा करार सही करण्यापूर्वी वाचावा, कारण कच्च्या रस्त्यावर झालेले नुकसान विम्यात बहुधा धरले जात नाही. संध्याकाळी अंधारू लागल्यावर शहराबाहेर गाडी चालवू नये. त्याच सुमारास कांगारू व वॉलबी (कांगारूचाच लहान भाऊबंद) रस्त्यावर येतात.

नाताळपासून जानेवारी संपेपर्यंत तिकडच्या शाळांना सुट्टी असते, त्यामुळे मुक्काम व गाडी दोन्ही लवकर ठरवावे. व्हिसा मात्र आधी. तो हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारे आरक्षण करू नये. पर्यटकांचा ‘सबक्लास ६००’ हा व्हिसा ऑनलाइन मागता येतो.

प्रश्न : वडिलांची मधुमेहाची औषधे आणि थोडे खाण्याचे पदार्थ सोबत नेता येतील का?

उत्तर : औषधे तीन महिन्यांपुरती नेता येतात. ती मूळ वेष्टनात ठेवावीत आणि डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठी जवळ बाळगावी. खाद्यपदार्थांचे नियम कडक आहेत. ताजी फळे, बिया, मांस आणि दुधाचे पदार्थ घरीच ठेवावेत. उरलेले जे न्याल, ते आगमनाच्या कार्डावर जाहीर करावे, शंका असेल तेथे ‘होय’वरच खूण करावी. जाहीर केलेला पदार्थ नियमात बसला नाही तर तो काढून घेतात, दंड होत नाही. लपवलेला सापडला तर जागीच दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. हीच दक्षता बुटांबाबत घ्यावी : शेतात किंवा डोंगरवाटेवर वापरलेल्या बुटांच्या तळाची माती घासून, धुऊन मगच ते बॅगेत भरावेत. टास्मानियात उतरताना ताज्या फळांची तपासणी पुन्हा होते, म्हणून मेलबर्नला घेतलेली सफरचंदे विमानात बसण्यापूर्वीच संपवावीत.