किरणोत्सवाचं गणित, ब्रह्मपुरीचा समुद्रदेव आणि इतर शंका

अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदाच का? हल्ली किरणं कधी पायांशीच थांबतात, ती पृथ्वीचा आस सरकल्यामुळे का? (शाहूपुरीतून एक वाचक)

किरणोत्सव म्हणजे कोल्हापूरच्या मंदिरात मावळतीचे किरण पश्चिमेच्या महाद्वारातून थेट देवीच्या मूर्तीपर्यंत पोचण्याचे दिवस. पहिल्या प्रश्नाचं उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. २२ डिसेंबरवर बोट ठेवा. मागे १० नोव्हेंबरपर्यंत ४२ दिवस, पुढे १ फेब्रुवारीपर्यंत ४१. एक दिवसाचं उणंअधिक सोडा, पण ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी हे उत्सवाचे दिवस उत्तरायण सुरू होण्याच्या दिवसाच्या (२२ डिसेंबर) दोन बाजूंना समान अंतरावर बसलेत. दक्षिणेकडे जाताना सूर्य क्षितिजावर जिथे मावळतो, परतीच्या वाटेवर पुन्हा तिथेच मावळतो. त्या दिवसांत तो विषुववृत्ताच्या सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो. महाद्वारात पश्चिमेला तोंड करून उभं राहिलात तर नाकासमोरून साधारण १८ अंश डावीकडे.

आसाचं म्हणाल, तर त्याचा कल हजार वर्षांत जेमतेम ०.१३ अंश बदलतो. सूर्याचं बिंबच अर्ध्या अंशाचं! तेव्हा दोष आकाशाला देऊ नका. किरण महाद्वारातून गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असा आत येतो. सूर्य जितका खाली, तितका किरण आडवा आणि तितका आत, वर. चेहऱ्यापर्यंत पोचायला शेवटची दोन-चार मिनिटंच लागतात, आणि नेमकी तीच मिनिटं क्षितिजालगतचे ढग, धूळ, धुकं किंवा वाटेतला एखादा वाढीव मजला खाऊन टाकतो. मला विचाराल तर मूळ बांधणाऱ्यांच्या हुशारीवर आपण भरभरून बोलतो, पण त्यांनी मोकळी ठेवलेली वाट मोकळी राखायला कुरकुरतो.

टाउन हॉल म्युझियममध्ये ग्रीक-रोमन समुद्रदेव कसा? आपल्याकडे समुद्र कुठाय? (एक कॉलेजकुमार)

पोसायडन. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात सापडलेल्या कांस्यवस्तूंमधला. हातात मावेल एवढी मूर्ती, पण अंगाचा पीळ तालमीतल्या पैलवानासारखा. समुद्र नसला तरी घाट होते. सातवाहनांच्या काळात रोमन जहाजं नैऋत्य मोसमी वाऱ्यावर कोकणच्या बंदरांना लागत, आणि तिथून माल बैलांच्या पाठीवर घाट चढे. म्हणजे जो वारा जुलैत आपली छत्री उलटी करतो, त्यानेच हा देव आणला म्हणायचा! त्याच साठ्यातला हत्ती आणि त्यावरचे स्वारही बघा. ते काम इथलं, आणि माझ्या मते पोसायडनपेक्षा जिवंत.

बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, हे खरं की कौतुकाची गोष्ट? (उद्यमनगरातून)

खरं. चुलतभाऊ आनंदरावांसोबत काम सुरू झालं, आनंदराव मध्येच गेले, आणि बाबूरावांनी १९१८च्या सुमारास ते पुरं केलं. १९२०चा ‘सैरंध्री’ हा मूकपट त्यातूनच आला. अवघड भाग भिंगाचा नाही, फिल्म थांबवण्याचा. पट्टी भिंगापुढे क्षणभर निश्चल हवी, मग पडदा झाकून पुढची चौकट खेचायची, सेकंदाला सोळाच्या आसपास, आणि तेही हाताने दांडा फिरवत. लेथवर हात बसलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल.

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपाला वर गोल भोक आहे. बांधकाम अर्धवट राहिलं का? (गडहिंग्लजच्या एक शिक्षिका)

कडा इतक्या नीट घडवलेल्या असताना अर्धवट म्हणायला मन धजत नाही. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र त्या भोकावर येतो, यामागे मात्र गणित आहे, आणि ते वरच्या १७ अंशांचंच. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. सूर्य १७-१८ अंश दक्षिणेला, तर चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला. आणि खिद्रापूर आहे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर. म्हणून तो डोक्यावर येतो. चंद्राची कक्षा पाच अंश तिरकी असल्याने एखाद्या वर्षी थोडा हुकतो. रात्री बारा-सव्वाबाराला मंडपाच्या मधोमध उभं राहा, आणि शाल न्यायला विसरू नका. कृष्णेकाठी नोव्हेंबरात गारठा असतो.